त्यागमूर्ती मावशी आणि चर्चचा एक नियम

गोव्यातल्या आणि मुंबईतल्या गोवेकर वस्त्यांतल्या कॅथलिक निधनवार्तांमध्ये परदेशी नोकरी करून परतलेल्या अविवाहित मावशीचा किंवा आत्याचा उल्लेख बहुधा एकाच साच्यात येतो : तिने भावंडांची शिक्षणे केली, भाच्यांना परदेशी नेले, घर बांधून दिले आणि कुटुंबासाठी आयुष्य वेचले. यातले एकही विधान सहसा खोटे नसते. तरीही तो मजकूर मनाला खुपतो, कारण जिने पंचवीस-तीस वर्षे अनोळखी देशात, परक्या भाषेत, दुसऱ्याच्या घरात राहून दिवस काढले तिच्याविषयी त्यातून एवढेच कळते की तिचा पैसा कोणाकोणापर्यंत पोचला. त्याखाली नातेवाइकांची नावे असतात आणि नावांपुढे कंसात देश : कॅनडा, लंडन, दुबई. मालकाची जी मुलगी तिने तान्हेपणापासून वाढवली तिला त्या यादीत जागा नसते, आणि परमुलखात आजारपणात तिच्या उशाशी बसलेल्या मंगळूरच्या मैत्रिणीलाही नसते.

गोव्याच्या स्थलांतराची स्थूल कथा मराठी वाचकाला ठाऊक आहे. ब्रिटिश बोटींवरचे खलाशी व आचारी, पूर्व आफ्रिकेतल्या कचेऱ्यांतले कारकून आणि नंतर आखाताकडे वळलेला ओघ यांविषयी पुन्हा सांगण्याचे कारण नाही. मात्र या कथेतल्या पुरुषाच्या पाठीशी एक संस्था उभी होती, हे पुरेसे ध्यानात घेतले जात नाही. ती संस्था म्हणजे मुंबईच्या धोबीतलाव, माझगाव अशा भागांतली ‘कूड’, अर्थात एकेका गावच्या लोकांनी वर्गणीवर चालवलेला क्लब. बोट मिळेपर्यंत खलाशी तिथे नाममात्र भाड्यात राही, आपली पेटी भिंतीशी लावून ठेवी, संध्याकाळी वेदीसमोर सर्वांबरोबर ‘तेर्स’, म्हणजे माळेची प्रार्थना, म्हणे आणि गावच्या पालक संताचे फेस्त गावापासून दूर राहूनही साजरे करी. हे क्लब प्रामुख्याने पुरुषांचे होते. त्याच काळात मुंबईत आया म्हणून किंवा स्वयंपाकाला आलेली बाई मालकाच्या घरी नाहीतर एखाद्या नातेवाइकाकडे राहत असे, आणि त्यामुळे पुढे तिची आठवण राहिली ती मुख्यतः ज्यांना तिच्याकडून काही मिळाले त्यांच्यापाशी. मिळालेल्याची आठवण ही उपकाराची आठवण असते. बाईने काय ठरवले, काय नाकारले, कोणाशी भांडली, कशात रमली ही आयुष्याची आठवण त्याहून वेगळी असते, आणि पहिलीने दुसरीची जागा घेतली की ती बाई आपल्याच घरात अनोळखी होते.

हा फरक कुवेतच्या उदाहरणात स्पष्ट दिसतो. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेत व्यापले तेव्हा तिथे अडकलेल्या भारतीयांना अम्मानमार्गे विमानाने परत आणण्यात आले आणि सुमारे दोन महिन्यांत एक लाखाहून अधिक माणसे मायदेशी पोचली. गोव्यातल्या अनेक घरांत तो प्रसंग आजही सांगितला जातो, पण तो घरच्यांनी केलेल्या नवसांचा आणि काळजीचा प्रसंग म्हणून. फेब्रुवारी 1991 मध्ये कुवेत मुक्त झाल्यावर परत आलेल्यांपैकी काहींनी पुन्हा तिकडची वाट धरली, त्यांत घरकाम करणाऱ्या बायकाही होत्या, याची चर्चा फारशी होत नाही. केवळ त्याग म्हणून या परत जाण्याचा उलगडा होत नाही. पगाराचे आकर्षण होतेच. पण तिथे शुक्रवार हा सुटीचा दिवस असल्याने रविवारचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, शुक्रवारी होई, कोंकणीतूनही होई, आणि चर्चच्या आवारात गावच्या बायका भेटत, कोणत्या घरी माणूस हवे आहे ते कळे, सुटीवर निघालेलीच्या हाती पत्र आणि सोने पाठवता येई. आठवड्यातले ते काही तास तिच्या मालकीचे होते. गावी परतल्यावर अविवाहित बहिणीला भावाच्या घरात जी जागा मिळे तिच्यापेक्षा ते तास काहींना मोलाचे वाटले असतील, तर ते समजून घेण्यासाठी त्यागाच्या पलीकडे पाहावे लागते.

अशा बाईविषयी चार शब्द बोलण्याची स्वाभाविक जागा म्हणजे तिचा अंत्यविधी, आणि नेमक्या तिथेच चर्चचा नियम आडवा येतो. रोमन मिस्सा-ग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांनुसार अंत्यविधीच्या मिस्सामध्ये धर्मगुरूने छोटे प्रवचन करावे, मात्र त्याला मृत व्यक्तीच्या गुणगौरवाचे रूप कोणत्याही प्रकारे येऊ देऊ नये. हा नियम अनेक ठिकाणी शिथिलपणे पाळला जातो, तरी त्याचा रोख निःसंदिग्ध आहे. त्याविरुद्धचा आक्षेपही तितकाच सबळ वाटतो : जिची नोंद कोणी ठेवली नाही तिच्याविषयी गावासमोर मोठ्याने बोलण्याची एकमेव संधीही काढून घेणे हे निष्ठुर आहे, आणि जमीनदाराच्या वा डॉक्टरच्या कर्तृत्वाची माहिती गावाला आधीच असल्याने या मौनाची झळ आयेलाच अधिक लागते.

परंतु हा आक्षेप धरून थोडे पुढे गेले की तो डळमळू लागतो, कारण ती संधी मिळाल्यावर प्रत्यक्षात जे बोलले जाते ते निधनवार्तेतलेच असते. बोलणारा भाचा लाभार्थी असतो आणि तिला संत ठरवून तो तिचे सारे देणे एका दुपारी फेडून टाकतो. चर्च स्वतः मात्र कोणाला इतक्या लवकर संत म्हणत नाही. मृत्यूनंतर साधारणपणे पाच वर्षे लोटल्याखेरीज चौकशीला आरंभ होत नाही, आणि 1983 पर्यंत तर उमेदवाराविरुद्धचे मुद्दे मांडण्यासाठी एक अधिकारी नेमलेला असे, ज्याला लोक ‘सैतानाचा वकील’ म्हणत. बाणावलीत 1651 मध्ये जन्मलेले जोसेफ वाझ हेही स्थलांतरितच होते; डच सत्तेने कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केलेल्या सिलोनमध्ये ते मजुराच्या वेषात उतरले, कँडीच्या राजाने हेर समजून त्यांना कैदेत टाकले आणि 1711 मध्ये कँडीतच ते वारले. त्यांना संतपद मिळाले ते 14 जानेवारी 2015 रोजी, म्हणजे 304 वर्षांनी.

सामान्य मृतासाठी चर्च करते ती प्रार्थना. त्यामागची कल्पना शुद्धिस्थळाची, म्हणजे देवाच्या कृपेत मेलेला पण अजून पूर्ण निर्मळ न झालेला आत्मा ज्या अवस्थेतून जातो त्या अवस्थेची आहे. 2 नोव्हेंबरचा मृतांचा दिवस आणि मृत्यूनंतर महिन्याने होणारा मिस्सा यांचा आधार तीच. या कल्पनेत मृत बाई सदोष आहे असे गृहीत धरलेले असते, आणि सुरुवातीला कठोर वाटणारे हे गृहीतकच तिचे माणूसपण राखते. हट्टी, हिशेबी, एका बहिणीवर जीव टाकणारी आणि दुसरीशी वर्षानुवर्षे अबोला धरणारी बाई प्रार्थनेत सामावते, त्यागमूर्तीत सामावत नाही. शिवाय संताला जिवंतांकडून काही नको असते, तर जिच्यासाठी प्रार्थना करायची तिच्याशी असलेले नाते अजून चालू राहते. म्हणून नियमावरचा निष्ठुरतेचा आरोप मागे घेणे भाग आहे. चर्चमधले मौन तिच्या खऱ्या आयुष्यासाठी जागा मोकळी ठेवते.

ती जागा भरण्याचे काम अर्थातच चर्चबाहेरचे आहे आणि ते आपोआप होत नाही. महिन्याच्या मिस्सानंतरच्या जेवणाला कुवेतमध्ये बरोबर राहिलेली एखादी वृद्ध बाई येते आणि सांगू लागते की मावशीने पगार थकवणाऱ्या मालकाचे घर स्वतःहून सोडले होते, तिने मैत्रिणींना व्याजाने पैसे दिले होते, तिला लग्नाची मागणी आली होती व तिने विचार करून ती नाकारली होती. घरच्यांना हे प्रथमच कळते, आणि कोणीतरी हळूच विषय बदलतो. त्या वेळी विषय बदलू न देता तिला पुढे विचारले पाहिजे : कोणते वर्ष, किती पगार, मागणी कोणाची, नकाराचे कारण काय. व्याजाने पैसे देणारी आणि लग्न नाकारणारी ही बाई, घटकेपूर्वी जिच्यासाठी मिस्सा झाला, तीच आहे.