कातडं कमावणारे हात

जुन्या गाडीची सीट दुरुस्त करायची आहे, पण अजून गाडीत बसू नका. दार पूर्ण उघडा, बाहेरच उकिडवे बसा आणि ड्रायव्हरच्या सीटवर नुसता तळवा टेका. पुण्याच्या शनिवार पेठेत ओंकारेश्वराच्या देवळाच्या बाजूला, नदीकडच्या रस्त्यावर झाडाखाली जागा मिळाली असेल, तर आज कसली घाई नाही. तापलेल्या सीटवर काही लावायचं नसतंच.

हात हळूहळू दाराकडच्या कडेवर न्या. इथला स्पर्श मधल्या भागापेक्षा वेगळा आहे. रंग उडालाय, बारीक भेगा पडल्यात, एखाद्या ठिकाणी खरखरीत तंतू बोटाला लागतात. चढता-उतरता अंगाचा भार इथूनच घसरतो. वर्षानुवर्षं एकच माणूस याच कडेवरून उतरत आला, त्याची ही खूण. वडील असतील, आधीचा मालक असेल. अजून काही दुरुस्त करू नका. खूण ओळखून घ्या.

मग स्वतःला विचारा, हे खरंच चामडं आहे का? प्रीमियर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीत बहुधा रेक्झिनच असायचं. १९९५ साली पिंपरीला टेल्कोच्या आवारात मर्सिडीजची ई-क्लास तयार होऊ लागली. पण अशा महागड्या गाड्यांतही पुष्कळदा अंग टेकतं तेवढ्याच भागाला चामडं, आणि बाजूंना, पाठीला रेक्झिन असतं. सीटखाली हात घाला, शिवणीच्या आतली मोकळी कड चाचपा. उलट्या बाजूला विणलेलं कापड लागलं तर रेक्झिन. मऊ लव लागली तर कातडं.

बोट त्या लवेवर राहू द्या. जनावराच्या त्वचेतले कोलॅजेनचे तंतू आहेत हे, एकमेकांत गुंतलेले. कच्चं, ओलं कातडं साधारण ६५ अंश सेल्सिअसला आक्रसतं आणि तसंच ठेवलं तर सडतं. क्रोमच्या क्षारांनी नीट कमावलेलं कातडं उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. जुन्या गाड्यांच्या सीटांचं कातडं बहुतेक या पद्धतीचं. कोल्हापुरी चपलेचं मात्र बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात मुरवलेलं.

इथे थोडं थांबा. ज्या पेठेत आपण बसलोय, तिथल्या वाड्यांत चामडं उंबऱ्याबाहेर राहायचं. वहाणा दाराशी, आणि त्या करणारा माणूस दाराच्याही पलीकडे. देवळातल्या नगाऱ्यावर चढवलेलं कातडं मात्र चालायचं. सडू पाहणारी वस्तू टिकाऊ करण्याची विद्या ढोर समाजाने जपली, चर्मकार समाजाने तिला आकार दिला, आणि तिला विद्या म्हणायला आपण फार उशीर केला. मला ही गोष्ट या कामातून वगळता येत नाही. तळव्याखालचं कातडं कदाचित परदेशात कमावलेलं असेल. तरी ते कुणाच्या तरी ओल्या, वास मारणाऱ्या, कष्टाच्या दिवसांतून इथवर आलंय. एवढं मनात धरा आणि मग फडकं उचला.

फडकं ओलसर हवं, निथळतं नको. साबण सौम्य, कपड्यांची पावडर मुळीच नको, कारण कातडं जरासं आम्लधर्मी असतं आणि पावडरीतली अल्कली त्याला मारक. आधी झाकलेल्या कोपऱ्यात लावून पाहा, रंग सुटत नाही ना. मग एका वेळी तळहाताएवढाच भाग घ्या, मऊ ब्रश गोल फिरवा. तपकिरी मळ फेसात वर येईल. पुसा. श्वास सोडा. पुढचा तळहात.

खोबरेल तेलाचा मोह होईल. घरातलं आहे, हाताशी आहे, केसांना चालतं. नका लावू. सीटच्या कातड्यावर बहुधा रंगाचा पातळ थर असतो, तेल त्याच्या आत शिरत नाही. वरच राहतं, धूळ धरतं आणि श्रावणातल्या ओलसर हवेत त्यावर बुरशी येते. भेगांतून जिथे शिरतं, तिथे डाग काळा पडतो आणि मग वरून भरलेलं काही धरत नाही.

भेग आपोआप मिटत नाही, कितीही मलम चोळलं तरी. ती भरावी लागते. लवचीक फिलरचा अगदी पातळ हात, पूर्ण वाळू द्यायचा, ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासायचं, पुन्हा पातळ हात. रंगही स्पंजने टिपत, थरावर थर, आणि शेवटी संरक्षक लेप. दोन थरांच्या मध्ये तुम्हाला करण्यासारखं काहीच नसतं. तो रिकामा वेळ मोबाइलला देऊ नका. बसून राहा, नदीवरून येणारा वारा घ्या.

किती भरायचं? माझ्या मते फक्त उघडी पडलेली, तुटायला आलेली भेग. बसून-बसून पडलेल्या मऊ सुरकुत्या राहू द्याव्यात. सीट नव्यासारखी दिसावी हा हट्ट धरला, तर रंग जाड होतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात पापुद्रे सुटतात.

शेवटी शिवण. नखाने दोरा हलकेच उचलून पाहा. कुजला असेल, पटकन तुटत असेल, तर तिथे आपलं काम संपलं. सीट सोडवून कुशनवाल्याकडे न्या. जुन्याच भोकांतून नवा टाका कसा घालतो ते जवळ बसून बघा, काम कुणाकडून शिकलात ते विचारा आणि तो सांगेल ते पैसे घासाघीस न करता द्या.