माझा जीव, माझी वाट?



प्रायश्चित्तकाळ येतो तेव्हा आपल्या जिल्ह्यात पळस फुललेला असतो आणि तरुणांना टेकड्या खुणावू लागतात. टिपेश्वर अभयारण्यात परवान्याशिवाय शिरता येत नाही, हे बहुतेकांना ठाऊक आहे. पण पुसदकडे अजिंठ्याच्या रांगेतल्या टेकड्यांवर वाटा पुष्कळ आहेत.

दिसायला ही वाट पावसाळ्यापेक्षा सोपी. चिखल नाही, ओढे कोरडे. मात्र सागाच्या गळलेल्या पानांचा जाड थर साचतो, खालचा मुरूम दिसत नाही आणि उतारावर पाय सटकतो. झाडे उघडी, म्हणून सावली नाही. मार्च संपता संपता पारा चाळिशीकडे सरकतो आणि श्रावणात वाहणाऱ्या झऱ्यात नुसती ओल उरते. पहाटे लवकर निघावे, तर त्याच वेळी मोह वेचणाऱ्या बाया रानात असतात आणि मोहाला हपापलेले अस्वलही. शिवाय वणवा. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम धरते. मोहाची फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातून आग पसरते. एखादे विडीचे थोटूकही पुरते.

हे सांगितले की तरुण म्हणतात, “माझा जीव आहे, मी बघून घेईन.” या बोलण्याला उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही. धोका नको म्हणून घरातच बसायचे, तर माणूस काहीच करणार नाही. शेतकरी रात्री पाणी द्यायला जातो तेव्हा सापाचा धोका पत्करतोच. पाचवी आज्ञा शिकवताना आपण दुसऱ्याच्या जिवाबद्दल बोलतो. स्वतःचा जीवही तिच्यात येतो, हे सांगायचे मात्र राहून जाते.

पण “माझा जीव” हे खरेच माझ्यापुरते असते का? ११ मार्च २०१८ रोजी तामिळनाडूतील थेनी जिल्ह्यात, कुरंगणीच्या डोंगरावर, हौसेने गेलेले गिर्यारोहक वाळलेल्या गवताच्या वणव्यात सापडले. वीसहून अधिक जण दगावले. त्यांना आणायला इतरांना त्याच डोंगरात शिरावे लागले. आपण हरवलो तर आपल्याकडेही वनरक्षक आणि पाड्यावरची माणसेच धावणार. त्यांना आपण कधी विचारले होते?

दुसरी बाजूही आहे. राळेगाव-पांढरकवडा भागात १३ माणसांच्या मृत्यूशी जिचे नाव जोडले गेले, त्या टी-१ वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालण्यात आली. मेलेल्यांपैकी कितीतरी जण शेतावर किंवा गुरांमागे गेले होते. ते पोटासाठी गेले. त्यांना कुणी धाडसी म्हटले नाही. आपण हौसेने जातो आणि फोटो काढून धाडसी ठरतो. (हौस वाईट असे मी म्हणत नाही, दिवसभर फोनमध्ये डोके घालण्यापेक्षा टेकडी बरी.) पण ज्याची गरज त्याला तिथे नेते आणि ज्याची आवड, त्या दोघांचे उत्तरदायित्व सारखे नाही. आवडीने जाणाऱ्याने जास्त जपले पाहिजे, कारण न जाण्याची मोकळीक त्यालाच आहे.

सगळ्यात अवघड प्रश्न टोळीचा. पुढे चालतो तो दणकट, आणि वेग तोच ठरवतो. मागे राहिलेल्या मुलीची बाटली रिकामी झालेली असते, डोके गरगरत असते, पण लाजेखातर ती बोलत नाही. तिथे “माझा जीव” म्हणणाराच दुसऱ्याच्या जिवाचा निर्णय घेत असतो, आणि त्याला ते कळतही नाही. माझ्या मते परत फिरण्याचा हक्क सर्वांत थकलेल्याचा असावा, मग माथा हाकेच्या अंतरावर का असेना. हे ठरवायचे ते गावातून निघण्याआधी, सर्वांसमक्ष. वर ऊन डोक्यावर आल्यानंतर कुणी ते मोकळेपणाने बोलत नाही.