तलवार राजाची, लेखणी चर्चची

मध्ययुगीन युरोपचे शाळेपासून मनात बसलेले चित्र साधे असते: वर राजा, मध्ये सरंजामदार, तळाशी राबणारा शेतकरी आणि सगळ्यांवर चर्चची सावली. चित्र खोटे नाही. मात्र त्यातून दोन प्रश्न अनुत्तरित राहतात. ज्या राजाचा हुकूम सरदाराच्या वेशीपाशी अडत असे, त्याचे न्यायाधीश बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगाव कसे फिरू लागले? आणि एवढे बळ हाती येऊनही तो निरंकुश का झाला नाही? माझ्या मते दोन्हींची उत्तरे शोधायला चर्चकडेच जावे लागते. राजसत्तेला हातपाय चर्चने दिले आणि तिला अडवलेही चर्चनेच.

इंग्लंडचे उदाहरण घेऊ. सरंजामी व्यवस्था शपथेवर उभी होती. जमीन ज्याच्याकडून मिळाली त्याच्याशी निष्ठा; धन्याच्या धन्याशी थेट नाते नाही. 1086 मध्ये राजा विल्यमने सॉल्झबरी येथे सगळ्या मातब्बर जमीनधारकांना, ते कोणाचेही अंकित असोत, स्वतःशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायला लावली. त्याच वर्षी देशातली जमीन, नांगर, गिरण्या आणि माणसे नोंदवणारी डूम्सडे पाहणी झाली. शपथ मोडता येते. लिहून ठेवलेला आकडा राजाच्या दप्तरात राहतो.

आणि लिहिणार कोण? लॅटिन येणारे लोक, म्हणजे चर्चचे लोक. पहिल्या हेन्रीच्या काळात राजाच्या हिशेबखात्याची घडी बसवली ती सॉल्झबरीचा बिशप रॉजर याने. दहा फूट लांब आणि पाच फूट रुंद मेजावर चौकटीचे कापड अंथरलेले असे. जिल्ह्याजिल्ह्याचे शेरीफ वर्षातून दोनदा तेथे हजर होत आणि चौकटींवर सोंगट्या मांडून त्यांच्याकडून पैन्‌पैचा हिशेब घेतला जाई. 1130 सालची त्या हिशेबाची चर्मपत्राची गुंडाळी आजही उपलब्ध आहे. कोणत्याही किल्ल्यापेक्षा मला ती राजसत्तेची अधिक मोठी खूण वाटते.

या कारकुनांचा आणखी एक उपयोग होता. सरदाराला जमीन दिली की ती पिढीजात होई आणि राजाच्या हातून सुटे. धर्मगुरूला सेवेबद्दल बिशपपद दिले तर तो मेल्यावर ते पद पुन्हा मोकळे होई. ब्रह्मचर्याचा नियम पुष्कळदा मोडला जाई हे खरे. राजाच्या हिशेबखात्यावर ग्रंथ लिहिणारा खजिनदार रिचर्ड फिट्झनील स्वतः एका बिशपचा मुलगा होता. तरीही बिशपची गादी वारसाहक्काने मुलाकडे जात नव्हती. त्यामुळे बिशप कोणी नेमायचा हा प्रश्न राजांना जीवनमरणाचा वाटे. जर्मन राजा चौथा हेन्री 1077 च्या जानेवारीत कनोसाच्या किल्ल्याच्या दारात पोपच्या क्षमेसाठी तीन दिवस तिष्ठत राहिला, त्याच्या मुळाशी हाच वाद होता.

इंग्लंडमध्ये चर्चवर हुकमत कोणाची हा वाद टॉमस बेकेटच्या रूपाने पेटला. लंडनच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा दुसऱ्या हेन्रीचा चान्सलर होता. 1162 मध्ये राजाने त्यालाच कँटरबरीचा आर्चबिशप केले. दोन्ही पदे एका विश्वासू माणसाकडे राहिली की चर्च मुठीत येईल, हा त्याचा हिशेब. बेकेटने चान्सलरपदाचा राजीनामा दिला. गुन्हा करणाऱ्या धर्मगुरूला शिक्षा राजाच्या न्यायालयाने द्यावी, ही हेन्रीची मागणी मला आजही रास्त वाटते. केवळ पाद्री म्हणून खुन्याने सुटावे हे कोणत्या न्यायात बसते? पण 29 डिसेंबर 1170 रोजी चार सरदारांनी बेकेटला त्याच्याच चर्चमध्ये ठार केले आणि रास्त मागणीही रक्ताने माखली. 1174 मध्ये राजाला त्या थडग्यापाशी भिक्षूंच्या हातचे फटके खावे लागले. राजालाही कोणापुढे तरी जाब द्यावा लागतो, हे प्रजेने डोळ्यांनी पाहिले.

न्यायदानातही असेच घडले. 1166 पासून हेन्रीच्या हुकुमाने गावकऱ्यांतले बारा जण संशयितांची नावे शपथेवर सांगत. दोष मात्र पाण्याच्या दिव्याने ठरे. आपल्याकडच्या रवादिव्याच्या जातीचीच ही पद्धत. 1215 च्या लॅटरन धर्मसभेने धर्मगुरूंना दिव्यात भाग घेण्यास मनाई केली. पाणी मंत्रवणारा पाद्रीच नसेल तर दिव्य कसले? इंग्रज न्यायाधीशांना दुसरा मार्ग शोधावा लागला आणि निवाडा देणारी ज्युरी आकाराला आली. नानावटी खटल्यात मुंबईने जी ज्युरी पाहिली, तिचे मूळ येथे आहे.

जॉन राजाने सरदारांना दिलेल्या मॅग्ना कार्टा या सनदेची कथाही सरळ नाही. तिच्या पहिल्याच कलमात चर्चच्या स्वातंत्र्याची हमी आहे, तरी पोप तिसऱ्या इनोसंटने ती दहा आठवड्यांतच रद्द ठरवली. 1216 मध्ये जॉन राजा मेला, नऊ वर्षांचा मुलगा गादीवर आला आणि सरदारांना वळवण्यासाठी तीच सनद सुधारून पुन्हा काढली गेली. तिच्यावर पोपच्या वकिलाची मोहोर होती. राजावरचा अंकुश तत्त्वातून आला असे म्हणणाऱ्यांनी हे एक वर्ष बारकाईने वाचावे. तो दोन सत्तांच्या ओढाताणीतून आला, आणि म्हणूनच टिकला, असे मला वाटते.

मात्र या ओढाताणीत शेतकऱ्याला काय मिळाले? सनदेचे सर्वांत गाजलेले कलम ‘स्वतंत्र माणसा’चे रक्षण करते. जमिनीला बांधलेला भूदास त्यात येत नव्हता. धन्याने शेत हिसकावले तर राजाच्या न्यायालयाची दारे त्याला बंद होती. मठांच्या जमिनीवरही त्याला वेठ चुकली नाही. जमीनदार म्हणून मठाधिपती सरदाराहून दयाळू होते, असे मानायला मला तरी आधार दिसत नाही. 1381 मध्ये इंग्लंडचे शेतकरी उठले तेव्हा त्यांनी ठिकठिकाणी जमीनदारांची दप्तरे जाळली. 14 जूनला लंडनमध्ये त्यांनी सायमन सडबरीचा शिरच्छेद केला. तो कँटरबरीचा आर्चबिशप होता आणि त्याच वेळी राजाचा चान्सलरही.