वस्तरा आणि शब्द

माणसाचे काम हलके की भारी, हे त्या कामावरून ठरते, की त्याला आपण जे नाव देतो त्यावरून? प्रश्न जुनाच आहे. पण खापरखेड्यात आमच्या शेजारच्या मुलाने तो माझ्यापुढे नव्याने आणून ठेवला, आणि तोही एका शंभरपानी वहीतून.

नागपूरच्या उत्तरेला वसलेले आमचे खापरखेडा हे विजेचे गाव. इथल्या केंद्राची क्षमता १३४० मेगावॅट. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. अशा गावात मुलाने फिटर व्हावे, इलेक्ट्रिशियन व्हावे, अशीच घरच्यांची अपेक्षा असायची. हा मुलगा मात्र नागपूरला केशकर्तनाच्या वर्गाला जाऊ लागला. जातीने तो नाभिक नव्हे. त्याला हे काम आवडते, एवढेच. वहीत त्याने शब्द उतरवून घेतले होते : लेयर, स्टेप, फेड, थिनिंग, ब्लो-ड्राय, शाम्पू. मी ती वही चाळत असताना त्याची आजी म्हणाली, "म्हंजे न्हावीच नं बाबू?" पोराचा चेहरा उतरला. "न्हावी नाही ना आजी, स्टायलिस्ट म्हणतात आता."

हातात कैची तीच, कंगवा तोच, समोरचे डोकेही तेच. मग एका शब्दाने मान ताठ व्हावी आणि दुसऱ्याने खाली जावी, असे त्या शब्दांत आहे तरी काय?

शब्दांची कुळे शोधू लागले, की मोठी मौज वाटते. 'न्हावी' हा संस्कृत 'नापित'चा वंशज. पालीत त्याला 'न्हापित' म्हणत, म्हणजे न्हाऊ घालणारा. नरकचतुर्दशीच्या पहाटे आई जे काम करते, त्याच कामाचे हे नाव! 'हजामत' अरबीतून आली. तिचा मूळ अर्थ तुंबड्या लावून रक्त काढणे. म्हणजे हे नाव मुळात वैद्यकीचे. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, या म्हणीत तो जुना उद्योग अजून शाबूत आहे. 'सलून' म्हणजे फ्रेंचांचा पाहुण्यांचा दिवाणखाना. आणि 'शाम्पू'? तो तर आपल्याच चंपीचा भाऊबंद. पाटण्याचा शेख दीन महंमद एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडातल्या ब्रायटन गावी लोकांना चंपी करू लागला आणि पुढे राजा चौथा जॉर्ज याच्या पदरी राहिला. आमच्या पोराने इंग्रजी म्हणून वहीत उतरवलेला शब्द असा इथूनच गेलेला.

तेव्हा दोष शब्दाच्या कुळात नाही. तसे असते, तर वारकऱ्यांनी 'सेना न्हावी' हे नाव इतक्या आदराने उच्चारलेच नसते. त्या संताचे पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही मानाने बसले आहे. दोष असतो तो ऐकणाऱ्याच्या कानात आणि बोलणाऱ्याच्या मनात. "त्याची बिनपाण्याने केली" असे आपण हसत म्हणतो, तेव्हा एका अख्ख्या धंद्याला आपण अपमानाचे माप करून टाकतो, आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही.

मग नाव बदलून काहीच साधत नाही का? साधते, पण नावामागची व्यवस्था बदलली तरच. बलुतेदारीत न्हाव्याने धोकटी काखेत मारून दारोदार जायचे आणि सुगीला खळ्यावर मिळेल ते धान्य घ्यायचे. 'नाही' म्हणण्याचा हक्क त्याला कुठला? म्हणूनच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा भरली आणि विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही असे त्यांनी ठरवले, ही गोष्ट मला मोठी वाटते. ज्यांना समाज हलके समजत होता, त्यांनी वस्तरा खाली ठेवून समाजाला नीती शिकवली. त्या दिवशी त्यांनी आपले नाव बदलले नाही. नावाची किंमत बदलली.

पण या कथेला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे बरे नव्हे. ज्याला वरच्यांनी खाली ढकलले, तोच न्हावी आपल्याहून खालच्या मानलेल्या माणसाच्या डोक्याला हात लावीत नसे. बहिष्कृतांना गावात हजामत मिळत नसे. घटना समितीत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी 'दुकान' या शब्दाची व्याप्ती किती, असा प्रश्न निघाला, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी सांगितलेला अर्थ साधासरळ होता : मालक जिथे येणाऱ्या कोणालाही आपली सेवा द्यायला तयार असतो, ती जागा म्हणजे दुकान. या अर्थात किराणा आला, तसा वस्तराही आला. आज संविधानाच्या पंधराव्या कलमात तो शब्द आहे.

मला वाटते, नव्या शिकाऊ मुलांच्या वहीत पहिल्या पानावर हा शब्द असावा. फेड आणि लेयर पुढच्या पानांवर येऊ द्यावेत. 'स्टायलिस्ट' या नावाने जात पुसली जात नाही. ती पुसली जाते ती खुर्चीत. खाणीतून आलेला, केसांत कोळशाची भुकटी असलेला मजूर आणि कॉलनीतले साहेब एकाच खुर्चीत, एकाच रांगेने बसले आणि दोघांच्या मानेभोवती सारख्याच अदबीने कापड गुंडाळले गेले, तर दुकानाच्या पाटीवर कोणतेही नाव असो, ते मोठेच आहे. आणि तसे होत नसेल, तर पाटी इंग्रजीत रंगवून काय उपयोग?

आपणा गिऱ्हाइकांचे देणेही थोडे नाही. दिवाळीच्या गर्दीत आपण त्या खुर्चीत बसतो, मान मागे टाकतो आणि डोळे मिटून घेतो. उघड्या गळ्यावर दुसऱ्याचा वस्तरा फिरत असतो आणि आपल्याला झोप येते! इतका विश्वास आपण सख्ख्या भावावरही क्वचितच टाकतो. गळा ज्याच्या हाती निर्धास्त देतो, त्याचे नाव घेताना मात्र जीभ का वाकडी व्हावी? विश्वास देऊन झालाच आहे. आदर तेवढा द्यायचा राहिला आहे.