उतारा आणि उतार

घर घेण्याचा विचार पक्का झाला की हल्ली मनुष्य प्रथम एक कागद घेतो आणि त्यावर दोन रकाने आखतो. माझे एक स्नेही, जन्माने सातारचे आणि सांगलीत 32 वर्षे अध्यापन करून निवृत्त झालेले, गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर असाच एक कागद घेऊन मजकडे आले. एका रकान्याच्या माथ्यावर ‘शाहूपुरी, सातारा’ आणि दुसऱ्याच्या माथ्यावर ‘विश्रामबाग, सांगली’ असे लिहिले होते. खाली चौरस फुटाचा भाव, पाच वर्षांतील वाढ, मिळू शकणारे भाडे, कर्जाचा हप्ता, मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च हे सगळे सुवाच्य अक्षरांत मांडले होते. आणि बेरजा करूनही दोन्ही पारडी जवळजवळ समतोल राहिल्यामुळे कौल मी द्यावा, अशी त्यांची अपेक्षा होती. त्या कागदावरचा एकही आकडा चुकीचा नव्हता. तरीही तो वाचून मला अस्वस्थ वाटले. कारण तो कागद त्यांचा एकट्याचा नाही, वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत घराविषयी आज जी चर्चा चालते ती सगळी त्या दोन रकान्यांत मावते.

अजिंक्यताऱ्याच्या कुशीत शाहू छत्रपतींनी वसवलेली राजधानी आणि 1801 साली मिरजेपासून वेगळे होऊन चिंतामणराव पटवर्धनांनी कृष्णाकाठी मांडलेले संस्थान, हा इतिहास वाचकांच्या परिचयाचा आहे. पेठा भरल्या तशी ही शहरे गावाबाहेर सरकली. शाहूपुरी 2020 च्या हद्दवाढीपर्यंत ग्रामपंचायत होती, आणि विश्रामबागेला 1919 मध्ये स्थापन झालेल्या विलिंग्डन महाविद्यालयाने मान मिळवून दिला. परंतु माझ्या स्नेह्यांच्या दोन रकान्यांमध्ये जी उभी रेघ होती, ती निसर्गाने काढलेली नाही. महाबळेश्वरी उगम पावलेल्या कृष्णेला साताऱ्याजवळ माहुलीस वेण्णा मिळते, कराडास कोयना मिळते, आणि सांगलीच्या खालच्या अंगाला हरिपुरास वारणा मिळते. सांगलीत स्वतःचा पाऊस बेताचाच. तिथे चढणारे पाणी बहुतांशी वरच्या मुलखाचे असते. बाजार म्हणून ही दोन शहरे स्वतंत्र असतील; भूमी म्हणून ती एकाच उताराची दोन टोके आहेत.

वास्तुशास्त्राच्या दिशा पाहून घर निवडणाऱ्यांशी वाद घालण्याचे मला प्रयोजन दिसत नाही. जन्मगावाची ओढ हा युक्तिवाद नव्हे, ती भावना आहे आणि तिला तिचे स्थान आहे. कृष्णेवरच खाली असलेल्या अलमट्टी धरणाच्या उंचीचा तंटा राज्याराज्यांचा आहे. घर घेणाऱ्याला त्याच्या निकालापर्यंत थांबता येत नाही. एका मताचा मात्र सविस्तर विचार केला पाहिजे, कारण ते सुशिक्षितांचे मत आहे आणि त्याला शास्त्राचा डौल आहे. ते असे की, बाजार अज्ञानी नसतो. पूर येतो हे विकणाऱ्यालाही ठाऊक असते आणि घेणाऱ्यालाही. म्हणून सखलपणाची वजावट आणि उंचीची अधिक रक्कम भावात आधीच धरलेली असते, आणि भावाशी भाव ताडून पाहिला म्हणजे सर्व काही ताडून पाहिल्यासारखेच होते.

हे मत मला मान्य नाही. भाव हा स्मरणावर उभा असतो, आणि माणसांचे स्मरण पाण्याच्या मानाने फार अल्पायुषी असते. 2005 च्या महापुरानंतर 2019 चा महापूर येईपर्यंत 14 वर्षे गेली. एवढ्या अवधीत नोकरीनिमित्त सांगलीस येऊन जो स्थायिक झाला, त्याने पूर केवळ ऐकला होता, आणि ऐकलेल्या पुराची वजावट कोणी मनापासून मागत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी, जिथे 45 फूट ही धोक्याची पातळी मानतात, तिथे पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेले. आणि लोक सावरत होते तोच, 2021 मध्ये ते पुन्हा 50 फुटांच्या पुढे चढले. एकदा 14 वर्षांनी आणि एकदा अवघ्या दोन वर्षांनी जे येते, त्याचा हिशेब भावाने कोणत्या नियमाने ठेवावा?

दुसरे असे की, भाव ही नेहमी सरासरी असते, आणि पाण्याला सरासरी कळत नाही. आपला रेडी रेकनर मूल्यविभाग पाडून दर ठरवतो, दलाल आळीचा दर सांगतो. परंतु जोते दीड फुटाने उंच की ठेंगणे, यावर एकाच आळीत एका घरातले धान्य वाचते आणि शेजारच्या घरातले भिजते. सांगलीच्या गावभागाजवळच्या एका नव्या इमारतीच्या वाहनतळात मी त्या स्नेह्यांना घेऊन गेलो होतो. खांबांना नुकताच रंग दिलेला होता. पण एका कोपऱ्यातल्या खांबावर, माझ्या खांद्याच्या उंचीला, रंगाखालून एक तपकिरी आडवी रेघ उमटून आली होती. भावाच्या कोष्टकात त्या रेघेला जागा नव्हती.

आणि क्षणभर मान्य करू की भावाला सगळे कळते. मग त्याचा अर्थ एवढाच होतो की, ज्याच्या गाठीला थोडके पैसे आहेत त्याला भाव हाताला धरून पाण्याकडे नेतो. स्वस्ताई ही त्याला मिळालेली सवलत नसून पुढे केव्हातरी, बहुधा त्याच्या मुलांकडून, वसूल व्हावयाची रक्कम आहे. या व्यवहाराला न्याय्य म्हणण्यास माझे मन धजत नाही.

येथे मला ज्या भेदाकडे यावयाचे होते तो येतो. प्रत्येक जमिनीच्या दोन नोंदी असतात. एक महसूल खात्याच्या दप्तरात असते. तिला आपण उतारा म्हणतो. दुसरी पाण्याने भूमीवरच लिहून ठेवलेली असते, तो उतार. उताऱ्याला मी कमी लेखत नाही. सातबारा, मिळकत पत्रिका, फेरफार, बिनशेतीचा आदेश हे तपासल्यावाचून जो खरेदीखत करतो तो आपल्या आयुष्याची कमाई पणाला लावतो. परंतु उतारा सदोष असला तर तो दुरुस्त होतो. उतार तसा दुरुस्त होत नाही. सांगलीच्या शामरावनगरासारख्या सखल, काळ्या मातीच्या भागांत गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या, घरे उठली, नैसर्गिक नाल्यांच्या वाटा त्यांत बुजल्या. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे नियमाधीन होण्याची वाट खुली केली आणि 2021 च्या दुरुस्तीने ती 2020 अखेरपर्यंतच्या बांधकामांसाठी रुंद केली. हातावर पोट असणाऱ्या कुटुंबांना घराचा कायदेशीर आधार मिळाला, हे उचितच झाले. पण नियमितीकरणाने त्यांना उतारा मिळाला, उतार मिळाला नाही; श्रावणात अंगणात साचणारे पाणी शुल्क भरल्याने हटत नाही.

यावरून सातारा उंचावर म्हणून निर्धोक, असा निष्कर्ष कोणी काढू नये. उंची ही वेगळी गोष्ट आणि उतार वेगळी. साताऱ्याला कास तलावाचे पाणी शतकाहून अधिक काळ नैसर्गिक उतारानेच मिळत आले. तोच उतार डोंगर कापून पाडलेल्या प्लॉटांवर उलटतो. तेथील एका वसाहतीत आम्ही घरामागची दगडी संरक्षक भिंत पाहिली. पाणी निघून जाण्यासाठी तिला ठेवलेली भोके सिमेंटने बुजवून वर गिलावा केला होता, कदाचित भिंत स्वच्छ दिसावी म्हणून. आणि गिलाव्याला मधोमध पोट आले होते. नदीच्या निळ्या आणि लाल पूररेषा शासन आखते, त्या पाहाव्यातच. परंतु पाठीमागच्या टेकडीवरून येणारे पाणी त्या रेषांत सापडत नाही.

तेव्हा शाहूपुरी की विश्रामबाग, याचे उत्तर मी स्नेह्यांना दिले नाही. देता येण्यासारखे ते नव्हतेच, कारण प्रश्न दोन भागांचा नव्हता, त्या भागांतल्या एकेका जोत्याचा होता. आषाढात सलग पाऊस लागला असता त्या त्या जागी जाऊन उभे राहावे, असे मात्र मी सुचवले, आणि ते गेले. परत आल्यावर त्यांनी आपल्या खरेदीखताचा मसुदा माझ्यापुढे ठेवला. त्यात चतुःसीमा रीतीप्रमाणे लिहिली होती: पूर्वेस अमुक, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस तमुक, उत्तरेस खुली जागा. त्याखाली त्यांनी स्वतःच्या हाताने पेन्सिलीने दोन ओळी वाढवल्या होत्या: ‘वर’ आणि ‘खाली’. वरच्या अंगाने कोणाचे पाणी या जमिनीत येते, आणि या जमिनीचे पाणी कोणाच्या दारातून पुढे जाते. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत या दोन ओळींची आज कोणी मागणी करत नाही. ती झाली पाहिजे, असे माझे पूर्ण विचारान्ती मत आहे. आणि ती होईपर्यंत घर घेणाऱ्या प्रत्येकाने त्या स्वतः भरून पाहाव्यात, मग भावाचे दोन रकाने खुशाल आखावेत.