वयच झालं होतं

म्हातारं माणूस गेलं की सांत्वनाला येणारे म्हणतात, वयच झालं होतं. घरच्यांना त्यानं धीर येतो, हे खरंच. पण पुढची विचारपूसही तिथेच थांबते. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळणं, पाठीवरच्या जखमेत पू होणं, आडवं ठेवून पाजलेली पेज श्वासनलिकेत जाणं, उन्हाळ्यात पाणी कमी पडून भ्रम होणं, रक्तदाबाची गोळी महिनाअखेरीस संपणं. मृत्यूची ही कारणं वयाच्या आड लपतात आणि त्यातली बरीच टाळता येण्यासारखी असतात. मूल दगावलं तर कारण विचारलं जातं. म्हाताऱ्याच्या वाट्याला तो प्रश्नही येत नाही.

या प्रश्नाला सरकारी उत्तर आहे ते इमारतीचं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं १९ वं कलम प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा म्हणतं. शब्दयोजना मात्र राज्याला मोकळीक देणारी आहे. वृद्धाश्रम आणि घरपोच सेवा देणाऱ्या संस्था यांची नोंदणी व किमान दर्जा आणू पाहणारं २०१९ चं दुरुस्ती विधेयक कायदा झालंच नाही.

समजा चंद्रपूरला असा उत्तम वृद्धाश्रम उभा राहिला. जिवतीच्या माणिकगड पहाडावरच्या कोलाम आदिवासींच्या गुड्यातली, म्हणजे वस्तीतली, आजी तिथे नेली, तर ती सुरक्षित होईल का? मला शंका आहे. तिची बोली कोलामी. पक्षाघातानंतर मराठीचे मोजके शब्दही तोंडातून गेले, तर कुठे दुखतंय हे ती कुणाला सांगणार? न कळलेली वेदना म्हणजे न दिसलेली जखम. ज्यांना कुणीच नाही त्यांच्यासाठी आश्रम हवेतच. पण गुड्यातल्या बहुतेक म्हाताऱ्यांना माणसं आहेत. फक्त ती हंगामात घरी नसतात. कापूस वेचून झाला की पोटासाठी तेलंगणात मिरची तोडायला जावं लागतं. मागे उरतात आजी-आजोबा, कधी नातवंडं, आणि लांबून आणायचं पाणी. अशा घरातल्या सुनेला निष्काळजी ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. अंथरुणावरच्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं, तर कुणीतरी मजुरी सोडून घरी बसायला हवं.

माया पुरेशी नसते, पद्धत लागते. आणि ही गोष्ट शिकायला आपल्याला परदेशी जायला नको. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नवजात बाळांसाठी हेच सिद्ध करून दाखवलं. ३९ गावांत, थोडं शिकलेल्या गावातल्याच बाईला आरोग्यदूत म्हणून शिकवलं. ठरलेल्या दिवशी घरी जायचं, बाळाचं वजन करायचं, ताप मोजायचा, श्वास मोजायचा, धोक्याचं लक्षण ओळखायचं, लिहून ठेवायचं. तिच्या कामावर देखरेख होती आणि झालेल्या प्रत्येक मृत्यूचं कारण शोधलं जात होतं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्के कमी झाला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने तो अभ्यास छापला आणि २०११ पासून देशभरच्या आशाताई बाळाच्या घरी जाऊ लागल्या. ज्या घरात रुग्णालय पोचत नव्हतं तिथे मोजमाप पोचलं.

जन्माच्या टोकाला जे जमलं ते दुसऱ्या टोकाला का जमू नये? म्हातारपणाचं काम अधिक लांबतं, बरं होण्याची आशा कमी असते, हा फरक मोठाच आहे. तरीही पाहायच्या गोष्टी फार नाहीत. टाच, माकडहाड आणि खुब्याची कातडी लाल झाली आहे का. दिवसात किती पाणी पोटात गेलं. रात्री परसाकडे जायच्या वाटेवर उजेड आणि धरायला दांडी आहे का. खाताना माणूस उठून बसतं का, ठसका लागतो का. गोळ्या किती उरल्या. केरळात मलप्पुरम, कोझिकोडच्या आसपास शेजाऱ्यापाजाऱ्यांनीच अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाण्याची व्यवस्था उभी केली आणि २००८ साली राज्यानं त्यासाठी धोरण आखलं. तिथे पक्के रस्ते आहेत, दवाखाने जवळ आहेत. पहाडावर ती नक्कल जशीच्या तशी चालणार नाही. पण गुड्यातलीच, कोलामी किंवा गोंडी बोलणारी बाई हवी, हे तिथल्यापेक्षा इथे जास्त खरं आहे.

वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी वेगळी तपासणी अपेक्षित आहे. जो चालू शकत नाही त्याला तिचा काय उपयोग? सत्तरीपुढच्या सर्वांना २०२४ पासून मिळालेलं पाच लाखांचं आयुष्मान कवचही रुग्णालयात दाखल झाल्यावरच उघडतं. श्रावणबाळ योजनेचे दरमहा दीड हजार रुपये कामाचे आहेत, पण त्यात दिवसभर शेजारी बसणारं माणूस येत नाही.

म्हणून हे काम आशाताईंच्या आधीच भरलेल्या पिशवीत आणखी एक वही टाकून करू नये. त्यासाठी वेगळी बाई, वेगळं प्रशिक्षण आणि दरमहा ठरलेला पगार हवा. पुण्य म्हणून बायकांकडून फुकट करून घेतलेली सेवा ऐन हंगामात बंद पडते. मिरचीच्या तोडीला जितकी मजुरी मिळते तितकी गुड्यात राहून मिळाली, तर एक सून घरी थांबेल आणि शेजारच्या चार घरांतली अंथरुणंही पाहील. तिनं वहीत 'जखम वाढली' असं लिहिलं की त्याच दिवशी पहाडावर कोण चढणार, हे आरोग्य केंद्रानं आधी ठरवलेलं असलं पाहिजे.