शंकेच्या दाराची बिजागरी

१९३९च्या नोव्हेंबरात केंब्रिजचे तत्त्वज्ञ जी. ई. मूर ब्रिटिश अकादमीपुढे व्याख्यानाला उभे राहिले. विषय जुना आणि जड होता: आपल्या मनाबाहेर जग खरोखर आहे, हे सिद्ध करता येतं का? अशी सिद्धता अजून कोणी दिलेली नाही, हा तत्त्वज्ञानाला लागलेला बट्टाच आहे, असं कांट म्हणून गेला होता. मूर यांनी तो बट्टा दोन वाक्यांत पुसायचं ठरवलं. त्यांनी एक हात पुढे करून दाखवला, मग दुसरा. हे दोन हात आहेत. हात मनाबाहेरच्या वस्तू आहेत. म्हणजे बाहेरचं जग आहे. झाली सिद्धता.

ज्यांना तत्त्वज्ञानाशी देणंघेणं नाही त्यांना यात काय विशेष, असं वाटेल. तत्त्वज्ञांना मात्र मूर यांनी प्रश्नाला सरळ बगल दिली, असं वाटलं. ज्याला जगाचीच शंका आहे तो हातांची शंका का घेणार नाही?

मूर यांच्यानंतर केंब्रिजमध्ये त्यांच्याच अध्यासनावर आलेले लुडविग विट्गेनश्टाइन यांनाही ही सिद्धता पटली नव्हती, पण त्यांची हरकत वेगळी होती. १९४९च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेत इथाका इथे आपला जुना विद्यार्थी नॉर्मन माल्कम याच्याकडे राहिले, तेव्हा दोघांत मूर यांच्या म्हणण्यावर पुष्कळ खल झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांना कर्करोग असल्याचं निदान झालं. पुढचं दीडएक वर्ष, तब्येत साथ देईल तेव्हा, ते या प्रश्नावर टिपणं लिहीत राहिले. शेवटच्या टिपणावर तारीख आहे २७ एप्रिल १९५१. २९ एप्रिलला केंब्रिजमध्ये आपल्या डॉक्टरच्या घरीच त्यांचं निधन झालं. या ६७६ टिपणांचं ‘ऑन सर्टन्टी’ हे पुस्तक १९६९ साली निघालं.

विट्गेनश्टाइन यांच्या मते मूर यांची गफलत ‘मला माहीत आहे’ या शब्दांत होती. माहीत आहे म्हटलं की ‘कशावरून?’ हा प्रश्न आलाच, आणि पुरावा द्यायचा तर तो मूळ गोष्टीपेक्षा पक्का हवा. मला दोन हात आहेत याची खात्री करायला मी हातांकडे पाहिलं, तर डोळ्यांवर तरी भरवसा का ठेवायचा? डोळे ठीक आहेत की नाहीत, हे मी हात दिसतात की नाही यावरूनही ठरवू शकतो. तेव्हा हात असणं ही मिळवलेली माहिती म्हणता येत नाही. माहिती मिळवण्याचे सगळे व्यवहार जिच्या आधाराने चालतात, अशी ती गोष्ट आहे.

इथे ते बिजागरीची उपमा देतात. आपण प्रश्न विचारतो, शंका घेतो, ते काही गोष्टी शंकेबाहेर राहतात म्हणूनच जमतं. दार फिरायचं असेल तर बिजागरी जागच्या जागी राहायला हवी.

उपमा देणाऱ्याला दारांची चांगली माहिती होती. विट्गेनश्टाइन मूळचे इंजिनिअर. १९२६ ते १९२८ या काळात व्हिएन्नामध्ये वास्तुविशारद पाउल एंगेलमान यांच्याबरोबर त्यांनी आपली बहीण मार्गारेटे हिचं घर उभारलं, आणि दारं, खिडक्या, मुठी, कड्या, रेडिएटर यांचा एकेक तपशील स्वतः आखला. एका मिलिमीटरने खरंच इतका फरक पडतो का, असं कुलपं बसवणाऱ्या कारागिराने विचारलं, तेव्हा ‘हो’ इतक्या जोरात आलं की तो बिचारा दचकला, अशी आठवण थोरली बहीण हर्मिने हिने लिहून ठेवली आहे. घर जवळजवळ पुरं झाल्यावर एका मोठ्या दालनाचं छत त्यांनी तीन सेंटीमीटर वर घ्यायला लावलं.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर बांधाच्या भांडणाचं घ्यावं. शेजाऱ्याने बांध कोरला अशी एकाची तक्रार असते. मोजणीचा अर्ज जातो, भूकरमापक येतो, नकाशा पसरला जातो, सातबारा काढला जातो. शंकेला इथे हवा तेवढा वाव आहे. नकाशा जुना असेल, मोजणी चुकली असेल, एखाद्या फेरफारात कोणी हात मारला असेल. पण ही जमीन पाच मिनिटांपूर्वी नव्हतीच, किंवा गाव रातोरात दुसरीकडे सरकलं, अशी शंका दोघांपैकी एकालाही येत नाही. ती घेतली तर तक्रारदाराचीच पंचाईत, कारण कोरायला बांधच उरत नाही. जमीन कालही होती हे दोघांनी कधी पडताळून पाहिलेलं नसतं. त्यांना ते कोणी पाठ करून घेतलेलंही नसतं. नांगरट, पेरणी, राखण हे सगळं ते धरूनच चाललेलं असतं.

भारतीय दर्शनांत हा वाद फार आधी रंगला होता. सगळं प्रमाणांनी, म्हणजे ज्ञानाच्या साधनांनी, सिद्ध होतं म्हणता, तर मग प्रमाणं कशाने सिद्ध होतात, असं बौद्ध नागार्जुनाने न्यायदर्शनाच्या नैयायिकांना विचारलं. दुसऱ्या प्रमाणाने म्हणाल तर त्याला तिसरं लागेल, आणि अनवस्था ओढवेल. मीमांसक कुमारिल भट्टाने उलट बाजूने उत्तर दिलं: ज्ञान हे मुळातच प्रमाण, म्हणजे खरं, असतं, त्याला बाध आला तरच ते सोडायचं, पुरावा द्यायची जबाबदारी शंका घेणाऱ्यावर.

वादाला खरी धार आली ती मिथिलेच्या उदयनाचार्यांमुळे. धुरावरून विस्तवाचं अनुमान करणाऱ्याला, उद्या कुठे विस्तवाशिवाय धूर दिसला तर, अशी शंका घालणारा कायम भेटतो. उदयनाने ‘न्यायकुसुमांजलि’त शंकेला हद्द घालून दिली: शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्या वागण्याशी विरोध आला की ती तिथे थांबली. बाराव्या शतकात श्रीहर्षाने ‘खंडनखंडखाद्या’त उदयनाचेच शब्द किंचित फिरवून त्याच्यावर उलटवले. विरोध आहे म्हणता, तर विरोधासाठी आधी शंका असायला हवी. मग तोच विरोध शंकेला संपवणार कसा? चौदाव्या शतकात ‘तत्त्वचिंतामणी’कार गंगेशाने याला दिलेलं उत्तर तर्कापेक्षा रोजच्या घरातलं आहे. धूर हवा असला की हा शंकेखोर मुकाट्याने विस्तव पेटवतो. भूक लागली की जेवायला बसतो. आपलं म्हणणं दुसऱ्याला कळावं म्हणून तोंड उघडतो. विस्तवाने धूर होतो, अन्नाने पोट भरतं, शब्दाने अर्थ पोचतो, याची खरोखरच शंका असती तर यातलं एकही त्याने केलं नसतं.

गंगेश माणसाच्या बोलण्याकडे न बघता त्याच्या हातांकडे बघतो. विट्गेनश्टाइनही शेवटी तिथेच येतात: समर्थनं संपली की तळाशी सापडतं ते आपलं वागणं.

धर्माचा प्रश्न इथून सुरू होतो. सगळ्यांच्याच ज्ञानाखाली सिद्ध न केलेल्या गोष्टी असतील, तर आस्तिकाने देवाला बिजागरीच्या जागी बसवलं म्हणून बिघडलं कुठे? शास्त्रज्ञसुद्धा कशावर तरी विश्वासच ठेवतो ना, हा युक्तिवाद व्यासपीठांवरून नेहमी ऐकू येतो. त्याचं गंभीर रूपही आहे. पुराव्याच्या मापात न मावणारी खात्री माणसाला असू शकते, हे कार्डिनल न्यूमन यांनी १८७०च्या ‘ग्रामर ऑफ असेंट’मध्ये विस्ताराने मांडलं, आणि विट्गेनश्टाइन यांच्या पहिल्याच टिपणात न्यूमन यांचं नाव येतं. आज डंकन प्रिचर्ड हे तत्त्वज्ञ धार्मिक श्रद्धेला बिजागऱ्यांच्या रांगेत बसवू पाहतात.

गंमत म्हणजे ख्रिस्ती परंपरेने स्वतः ही जागा श्रद्धेला दिलेली नाही. बिजागरीला लॅटिनमध्ये ‘कार्डो’ म्हणतात. चौथ्या शतकात सेंट अँब्रोज यांनी ज्या चार सद्गुणांना ‘कार्डिनल’ म्हटलं ते होते विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. चारही ग्रीकांकडून, प्लेटोपासून चालत आलेले. श्रद्धा, आशा आणि प्रेम हे ईश्वरी देणगीचे सद्गुण म्हणून वेगळ्या रांगेत बसले. माणसाचं आयुष्य ज्यांवर फिरतं ते गुण ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती यांना सामाईक आहेत, हे त्या वाटणीतच कबूल केलेलं आहे.

सामाईक असणं हाच कळीचा मुद्दा आहे. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी वार्ता पसरली. पहाटे दिल्लीहून निघालेली बातमी दिवस मावळायच्या आत मुंबईपासून परदेशांतल्या हिंदू मंदिरांपर्यंत पोचली, देवळांपुढे रांगा लागल्या. चमचा सोंडेला टेकवला की दूध खरोखरच कमी होत होतं. पृष्ठताणामुळे ते चमच्याच्या कडेवरून ओढलं जाऊन मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने ओघळत होतं, आणि पांढऱ्या संगमरवरावर ते डोळ्यांना दिसत नव्हतं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळल्यावर ओघळ स्पष्ट दिसला.

या प्रसंगात भाविक आणि चिकित्सक यांच्यात वाद झाला तो दूध गेलं कुठे यावर. एरवी दगड दूध पीत नाही, यावर दोघांचं एकमत होतं. किंबहुना हे मत भाविकाकडे नसतं तर रांगेत उभं राहायचं कारणच नव्हतं. रोज दूध पिणाऱ्या दगडाचं कौतुक कोण करील? म्हणजे चमत्काराचं दारसुद्धा त्याच बिजागरीवर फिरत होतं, जिच्यावर रंगीत दुधाचा प्रयोग फिरला. ज्या गोष्टीबद्दल शेजारी बसलेला शहाणा माणूस सहज वेगळं मत ठेवू शकतो, आणि त्यामुळे दोघांचं हिशेब ठेवणं, दवापाणी करणं, साक्ष देणं अडत नाही, ती बिजागरी नव्हे, दारच. ते उघडावं की लावावं हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे, पण तपासणीतून त्याला सूट मागता येणार नाही.

बिजागऱ्या कायमच्या असतात असंही नाही. विट्गेनश्टाइन यांनी नदीचं पात्र आणि पाणी असाही दाखला दिला आहे. पात्र पाण्याला वाट देतं, पण काळ लोटला की पात्रही सरकतं. याचा नमुना त्यांच्याच पुस्तकात आहे. कोणी माणूस कधी चंद्रावर गेलेला नाही, हे त्यांनी अढळ गोष्टींच्या उदाहरणांत घेतलं होतं. वह्या छापून निघाल्या त्या १९६९ साली, आणि २० जुलै १९६९ला अपोलो ११ चंद्रावर उतरलं. तरी विट्गेनश्टाइन हरले, असं म्हणणं घाईचं होईल. १९५० साली कोणी चंद्रावर जाऊन आल्याचं सांगितलं असतं, तर त्याच्या गोष्टीला धरून ठेवणारं काहीच नव्हतं. ना तिथवर पोचणारा अग्निबाण, ना अंतराळपोशाख, ना ते बनवणारं शास्त्र. एकोणीस वर्षांत हे सगळं जमलं, आणि मग तो एक निश्चय गळून पडला.

दोन माणसांच्या बिजागऱ्याच वेगळ्या असतील तेव्हा काय, हा प्रश्न विट्गेनश्टाइन यांनी सोडवलेला नाही. पदार्थविज्ञानाऐवजी कौल लावून निर्णय घेणाऱ्या लोकांचं उदाहरण ते घेतात आणि कबूल करतात की कारणांच्या शेवटी उरतं ते मन वळवणं, जसं मिशनरी करतात. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगाव भाषणाआधी जिभेवर जळता कापूर ठेवून दाखवतात, मग प्रेक्षकांतल्या एखाद्याला बोलावून त्यालाही ठेवायला लावतात. मन वळवण्याची ही रीत गंगेशाला आवडली असती.

चंद्रावर माणूस उतरलाच नाही म्हणणारे आजही आहेत. २००९पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने अपोलोच्या सांगाड्यांची छायाचित्रं घेतली, तर तीही खोटी, असं ते म्हणतात. त्यांचा पुरावा काय, तर चित्रफितीत फडकलेला झेंडा आणि छायाचित्रात न दिसणारे तारे. फितीत दिसतो तो झेंडा खरोखर तसाच हलला, कॅमेऱ्यापुढे जे होतं तेच फितीवर आलं, हे त्यांनी त्याच फितीबद्दल आधीच धरलेलं असतं.